टायपिस्ट पडद्याकडे बघत नाही

महोदय,

जुना संगणक भंगारात काढू नका, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाका, असा सल्ला देणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. सल्ला बरोबर आहे. लेख येण्याआधीच मी तो अमलात आणला होता आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण लिनक्सचा डेस्कटॉप दिसतो कसा यावर लेखात दोन रकाने होते. पारदर्शक खिडक्या, रंग बदलणारं वॉलपेपर, हवं तसं सजवा वगैरे. ज्याचं पोट त्या डेस्कटॉपवर आहे त्याला काय लागतं, यावर एक ओळ नव्हती. ती एक ओळ लिहायला बसले आणि हे एवढं झालं. जागा नसेल तर कात्री लावा, फक्त पेनड्राइव्हचा भाग ठेवा.

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं झाली. वकिलांचे दस्त, प्रतिज्ञापत्रं, सोसायट्यांची इतिवृत्तं, पोरांचे परीक्षेचे फॉर्म आणि एप्रिल-मेमध्ये लग्नपत्रिका. २००५ च्या पुरात दुकानातला टायपरायटर बुडाला होता. तो धुतला, उन्हात वाळवला, तेल घातलं, आठवड्याभरात पुन्हा खडखडायला लागला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी पंख्याला टेकलं तेव्हा चार संगणक गेले ते गेलेच. मग मुंबईतल्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले तीन घेतले, साडेबारा हजारांना एक. प्रोसेसर सहाव्या पिढीचे, रॅम ८ जीबी. टायपिंगला ते डोक्यावरून पाणी. अहो, अजूनही आहेत.

पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो. म्हणजे चालती-बोलती मशीनं एका तारखेला म्हातारी झाली. आणखी एक वर्ष सुरक्षेचे अपडेट घेण्याची सोय होती, पण वर्षाने पुन्हा तेच. भाचा पुण्याला शिकतो. तो दिवाळीला आला आणि फराळ करता करता दोन मशीनांवर लिनक्स टाकून गेला. कुठलं लिनक्स ते लिहीत नाही, मला कुणाची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही. तिसऱ्या मशीनवर विंडोज ठेवलं आहे, इंटरनेटची वायर काढून. कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅममधल्या लग्नपत्रिका त्यावर होतात. त्याबद्दल वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही.

आता मुद्द्यावर येते. टायपिस्ट पडद्याकडे बघत नाही. आम्हाला शिकवतानाच सांगितलं होतं, नजर कॉपीवर. कीबोर्डाकडे बघितलं की बाई पट्टीने बोटांवर मारायच्या. माझ्या डाव्या हाताला वकिलांनी खरडलेलं मॅटर असतं, ते लावायलाच दोन्ही डोळे कमी पडतात. पडदा मी परिच्छेद संपला की बघते. ओट्याशी उभी असलेली बाई मिठाचा डबा शोधून उचलत नाही. हात जातो तिथे तो असतो. डेस्कटॉप बनवणाऱ्यांना वाटतं की आपण सारखं त्यांच्या कामाकडे बघत बसतो. आम्ही आमच्या कामाकडे बघत असतो.

हे एकदा धरलं की मला काय हवं ते आपोआप कळतं. पहिलं म्हणजे मी टाइप करत असताना दुसरी कुठलीही खिडकी माझ्या पुढ्यात येऊन उभी राहू नये. मागच्या महिन्यात एका वाटणीपत्राचं मॅटर चालू होतं. मान वर केली तर मधोमध अपडेटची चौकट, आणि माझ्या 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'मधल्या सहा ओळी कुठेच नाहीत. त्या चौकटीने गिळल्या. त्यात मध्येच मी एंटर मारलेलं, म्हणजे तिने जे विचारलं असेल त्याला माझा होकारही गेला. कशाला, ते आजतागायत ठाऊक नाही. गिऱ्हाईक रांगेत उभं राहतं, तसं या चौकटींनीही खाली कोपऱ्यात उभं राहावं. मी मोकळी झाले की विचारेन, बोला काय काम आहे. एक मात्र कबूल करते. बंद करताना 'अपडेट चालू आहे, वीज घालवू नका' असला दम माझं लिनक्स देत नाही. जुलैत आमच्याकडे वीज विचारून जात नाही, त्यामुळे त्याचं मोल मला जास्त.

दुसरं भाषेचं. कोर्टाच्या कामात इंग्रजी-मराठी सारखं बदलावं लागतं. कुठली भाषा चालू आहे हे कोपऱ्यात नखाएवढ्या अक्षरात दिसतं, आणि मी तर तिकडे बघतच नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डाच्या मांडणीवर 'वादी' लिहायला गेले आणि भाषा इंग्रजी राहिलेली असली की कागदावर बी-ई-ओ-आर उमटतं. दाव्याच्या मॅटरमध्ये वादी दर दोन ओळींनी येतो. अर्धं पान 'बेओर' झाल्यावर कळायचं. पहिले पंधरा दिवस मी रोज एकदा तरी 'बेओर' लिहिलं असेल. शेजारच्या स्टॅम्प वेंडरने मला तेच नाव पाडलं.

त्यावरचा उपाय लिनक्समध्येच होता, पण किती खोल! कीबोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात तीन दिवे असतात. तिसरा स्क्रोल लॉकचा. सत्तावीस वर्षांत त्याचा मला काडीचा उपयोग झाला नव्हता. भाच्याने फोनवर सांगितलं तशी मी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये गेले, मांडणीच्या पर्यायांत गेले, तिथे शंभरेक पर्यायांची यादी उघडली, आणि त्यात एक ओळ सापडली की दुसरी मांडणी चालू असताना हा दिवा लावायचा. आता मराठी चालू असली की हिरवा दिवा लागतो. तो बघावा लागत नाही, डोळ्याच्या कडेला असतो. इतकी साधी आणि इतकी उपयोगाची गोष्ट मी आजवर संगणकात पाहिलेली नाही. ती पहिल्या दिवशी का विचारली गेली नाही? वॉलपेपर मात्र आल्या आल्या दाखवले होते.

मराठीचं एकूण बरं आहे, हे सांगायला हवं. पूर्वीच्या फॉन्टांत ऱ्य काढायला भिंतीवर चिकटवलेला आकड्यांचा तक्ता बघून ऑल्टबरोबर आकडे दाबावे लागत. आता 'आचार्यास जेवायला बोलवा' आणि 'आचाऱ्यास जेवण करायला सांगा' यांतला फरक सरळ टाइप होतो, छापूनही तसाच येतो. फक्त श आणि ल हिंदी वळणाचे येत होते आणि एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी तेवढ्यावरून अख्खा दस्त परत केला. मजकुराची भाषा मराठी म्हणून नेमली की फॉन्ट आपलं वळण देतो, निदान चांगले फॉन्ट देतात. लिब्रेऑफिसमध्ये ही नेमणूक जिथे करायची तिथे आपल्या भाषेला 'कॉम्प्लेक्स' म्हटलं आहे. असू दे.

पण सगळ्यांत महाग पडला तो कागद. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प गेला आणि तिथे पाचशेचा आला, हे वाचकांना माहीत आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर एका जमिनीच्या कराराचं पहिलं पान छापलं. खालच्या ओळी, नेमक्या चतुःसीमेच्या, कापल्या गेल्या. स्टॅम्प वाया. गिऱ्हाइकाकडून कसे मागणार? मी भरले. दुसऱ्या वेळी साध्या कागदावर छापून पाहिलं तेव्हा कळलं की मशीन माझा प्रत्येक कागद अमेरिकन 'लेटर' मापाचा समजत होतं. लेटर म्हणजे अकरा इंच. ए फोर त्याहून जवळजवळ पाऊण इंच उंच असतो, आणि स्टॅम्पचा कागद त्याहूनही लांब. प्रिंटरमध्ये काही बिघाड नव्हता. लिनक्स टाकताना भाच्याने भाषा म्हणून अमेरिकेचं इंग्रजी निवडलं होतं, आणि कागदाचं माप त्या निवडीच्या मागोमाग येतं. भारताचं इंग्रजी निवडलं असतं तर ए फोर आला असता. भाषेच्या यादीत एक ओळ खालीवर झाली आणि माझे पाचशे गेले. देशाचं नाव विचारता, वेळ कुठली ते विचारता, घड्याळ मुंबई-कोलकात्याचं लावता, मग कागद कुठला तेही एकदा विचारा की.

प्रिंटरबद्दल थोडं. आमच्या धंद्यात एक छोटा लेझर प्रिंटर आहे, कोकणातल्या निम्म्या झेरॉक्सच्या दुकानांत तो सापडेल. लिनक्सवर तो चालवायला भाच्याची एक संपूर्ण दुपार गेली. नव्या जातीचे प्रिंटर वायर लावताच चालतात, हे मी दुसऱ्या प्रिंटरवर स्वतः पाहिलं आहे आणि विंडोजपेक्षा ते सोपं वाटलं. पण जुनं मशीन वाचवण्यासाठी लिनक्स घ्यायचं आणि जुना प्रिंटर मात्र टाकायचा, हा हिशेब मला जमत नाही.

त्या दुपारी मी भाच्याच्या मागे उभी होते. संगणकाला लेखी हुकूम द्यायची एक काळी खिडकी असते, इंटरनेटवर सापडलेल्या ओळी तो तिच्यात चिकटवत होता, पासवर्ड देत होता, पुढची ओळ चिकटवत होता. विचारलं, याचा अर्थ काय? म्हणाला, मावशी, अर्थ मलाही नीट माहीत नाही, पण याने लोकांचं काम झालंय. मी त्याला काही बोलले नाही. पण दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी रोज सांगते, काका, वाचल्याशिवाय सही करू नका, न कळणाऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. आणि माझ्या स्वतःच्या दुकानात मशीनच्या मालकिणीचा पासवर्ड देऊन न कळणाऱ्या बारा ओळींवर अंगठा दिला गेला. काळी खिडकी वाईट नाही. जाणत्यांना ती लागते, खुशाल असू दे. पण रोजच्या कामातलं एकही काम असं नसावं की जे फक्त तिथूनच होतं.

पेनड्राइव्हचं सांगते, कारण त्यात माझी चूक नसताना माझी पत गेली. वकील घाईत येतात, दुचाकी चालू ठेवून. फाइल पेनड्राइव्हवर टाकली, हिरवी पट्टी भरली, खिडकी गेली, मी काढून दिला. कोर्टात फाइल रिकामी. दोनदा असं झालं. कारण असं कळलं की लिनक्स आधी मजकूर आपल्या स्मरणात घेतं आणि मग सवडीने पेनड्राइव्हवर उतरवतं. पट्टी भरते ती पहिल्या टप्प्याची. खरं लिहिणं 'इजेक्ट' म्हटल्यावर पूर्ण होतं, आणि मोठी फाइल असेल तर तेव्हाही थांबावं लागतं. यामागे वेग वाढवण्याचा विचार आहे म्हणे. असेल. पण काम झालं नसताना झालं म्हणायचं, याला दुकानदारीत काय म्हणतात ते मी छापायला देणार नाही. झेरॉक्स मशीन दिवा हिरवा करतं तेव्हा कागद ट्रेमध्ये आलेला असतो. मला तेवढंच हवं. उशीर लागू दे, पण पट्टी खरी असू दे. आता मी काउंटरवर पाटीच लावली आहे, 'पेनड्राइव्ह मी काढून देईन'.

पोरांच्या फॉर्मचं एक सुख सांगते. बँकांच्या परीक्षेला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. मोबाइलवर काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. सीझनला दिवसाला चाळीस पोरं येतात आणि प्रत्येकाचा फोटो केबीत बसवणं हेच निम्मं काम. लिनक्समध्ये फाइलवर उजवं बटण दाबल्यावर येणाऱ्या यादीत आपली स्वतःची कामं घालता येतात. भाच्याने त्यात 'फोटो ५० केबी' आणि 'सही २० केबी' अशा दोन ओळी घालून दिल्या, मराठीत. उजवं बटण, एक ओळ, झालं. पूर्वी हे फोटो मी कुठल्या कुठल्या वेबसाइटवर चढवून लहान करत असे. पोरींचे फोटो असे परक्या वेबसाइटवर जायचे ते मला कधीच आवडलं नव्हतं. या दोन ओळींसाठी मी लिनक्सकडे बाकी असलेले पाचशे रुपये माफ करते. पण प्रश्न उरतोच. माझा भाचा आहे, ज्याला भाचा नाही त्याने काय करायचं?

डेस्कटॉप बनवणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. केडीई नावाचा लिनक्सचा मोठा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-पट्ट्यांची सगळी मांडणी, आहे. त्याची घोषणा मातियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने १९९६ साली केली, तीही १४ ऑक्टोबरलाच. माझ्या मशीनांची मुदत संपली त्याच तारखेला, २९ वर्षं आधी. भाच्याने मला ती घोषणा वाचून दाखवली. त्यात त्याने स्पष्ट म्हटलं आहे की हे यंत्रणा सांभाळणाऱ्या जाणत्यासाठी नाही, साध्या वापरणाऱ्यासाठी आहे. वेबवर फिरणारा, पत्रं लिहिणारा, थोडे खेळ खेळणारा माणूस. पत्रं लिहिणारा! म्हणजे मीच की. खेळ सोडला तर.

मग २०११ मध्ये ग्नोम या दुसऱ्या मोठ्या डेस्कटॉपने तिसरी आवृत्ती आणली आणि खालची पट्टी, खिडकी लहान करायचं बटण, सगळं हलवलं किंवा काढलं. जगभर बोंबाबोंब झाली. कुणी जुनीच मांडणी पुढे चालवण्यासाठी माटे नावाचा डेस्कटॉप काढला, लिनक्स मिंट नावाची लिनक्सची एक आवृत्ती आहे, तिच्यावाल्यांनी सिनॅमन काढला. आज आपल्याला इतके डेस्कटॉप निवडायला मिळतात त्यातले काही, कुणी तरी मिठाचा डबा हलवला म्हणून जन्माला आलेत. लोक याला लिनक्सचं स्वातंत्र्य म्हणतात, आणि ते आहेही. पण मला निवड नको होती. मला डबा जागेवर हवा होता.

केरळात सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्स चालतं. तिथे काइट नावाची राज्य सरकारची संस्था आहे. ती उबंटू नावाच्या लिनक्सवरून स्वतःची आवृत्ती तयार करते, मल्याळमसकट सगळं बसवून शाळांना देते. शाळेतल्या बाई कागदाचं माप शोधत बसत नाहीत. तिथे मध्ये कुणी तरी बसलेलं आहे, ज्याने या दिव्यांचा आणि मापांचा विचार आधीच केला आहे. आपल्याकडे पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था आहे, मराठी संगणकावर आणणारी कितीतरी माणसं पुण्या-मुंबईतच राहतात. मराठीची मांडणी, मराठीचा ल, ए फोर, स्टॅम्पचा कागद, केबीच्या दोन ओळी, खरं बोलणारी पट्टी. हे सगळं आधीच लावलेली एक सीडी, म्हणजे आता पेनड्राइव्ह, झेरॉक्सवाल्यांना मिळाली तर आम्ही पैसे देऊन घेऊ. फुकट नको आहे. फुकटच्या वस्तूबद्दल तक्रार करायला लाज वाटते, आणि मला तक्रार करायची आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. माझ्याकडे कामाला असलेली मुलगी टायपरायटरच्या, म्हणजे रेमिंग्टन पद्धतीच्या मांडणीवर शिकली आहे. तिचा वेग माझ्याहून जास्त आहे. लिनक्समध्ये ती मांडणी आयबस नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅममधून घ्यावी लागली आणि तो हिरवा दिवा त्याला जोडलेला नाही. त्यामुळे तिच्या मशीनवर मराठी चालू असली काय, नसली काय, दिवा विझलेलाच. ती अजून अधूनमधून इंग्रजीत अर्धं पान टाइप करते आणि मग गप्प बसून पुसते. आपल्या वाचकांत कुणाला तो दिवा रेमिंग्टनला जोडता येत असेल तर दुकान सकाळी साडेनऊला उघडतं. सोमवारी नको, सोमवारी कोर्टाची गर्दी असते.

आपली,
बाजारपेठेतली एक टायपिस्ट, चिपळूण